व्हॅलेन्सियाचा फायास पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पेनमधला फायास पाहून आल्यावर आधी ओळखीच्यांचे, मग त्यांच्या ओळखीच्यांचे आणि पुढे तर कधी न भेटलेल्यांचेही प्रश्न येत राहिले. बरेचसे तेच ते. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो आहे. कार्यक्रमांच्या वेळा दरवर्षी थोड्या पुढेमागे होतात, तेव्हा निघण्यापूर्वी त्या वर्षीची अधिकृत कार्यक्रमपत्रिका पाहायलाच हवी.

१. फायास म्हणजे नेमकं काय? आणि उच्चार 'फालास' की 'फायास'?

फायास. तिथली वालेन्सियन भाषा बोलणारे 'फायेस' म्हणतात. 'फालास' म्हटलंत तरी लोक समजून घेतात, पण हसतात.

व्हॅलेन्सिया हे भूमध्य समुद्राकाठचं, लोकसंख्येनं स्पेनमधलं तिसरं शहर. मार्च महिन्यात तिथल्या चौकाचौकांत लाकूड, कागदाचा लगदा आणि थर्माकोल यांचे रंगीत देखावे उभे राहतात. मोठे देखावे सहज पाच-सहा मजले उंच असतात. अशा एका देखाव्याला 'फाया' म्हणतात आणि त्यातल्या एकेका बाहुल्याला 'निनोत'. शहरात साडेतीनशेहून अधिक मंडळं आहेत. प्रत्येक मंडळाचा एक मोठा देखावा आणि एक लहान मुलांचा, म्हणजे सगळे मिळून सातशेच्या आसपास. १९ मार्चच्या रात्री ते सगळे जाळून टाकतात. युनेस्कोनं २०१६ मध्ये या उत्सवाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

२. तारखा दरवर्षी बदलतात का? शनिवार-रविवार धरून असतो का?

नाही. १९ मार्च हा संत जोसेफचा दिवस, आणि सगळं त्याच्या भोवती फिरतं. वार कुठलाही असो. मुख्य दिवस १५ ते १९ मार्च. सुरुवात मात्र त्याच्या बरीच आधी होते. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी सेर्रानोस या जुन्या वेशीवरून उत्सवाची हाक दिली जाते, तिला 'क्रीदा' म्हणतात. १ मार्चपासून रोज दुपारी दोन वाजता मास्क्लेता होतो (प्रश्न ५). १९ तारीख शनिवार-रविवारला लागून आली तर गर्दी आणि हॉटेलांचे दर दोन्ही चढतात. मधल्या वारी आली तर थोडी उसंत मिळते.

३. म्हणजे ही तिथली होळीच ना?

हा प्रश्न दर दोन माणसांमागे एक जण विचारतो, आणि त्यांचं फार चुकतं असंही नाही. हिवाळा सरतो, वसंत येतो, आग पेटते. २०२२ साली तर आपली धुळवड १८ मार्चला आली होती, म्हणजे फायासच्या ऐन मधोमध.

तिथले लोक सांगतात ती गोष्ट अशी. हिवाळ्यात सुतार लोक संध्याकाळी काम करताना दिवे टांगायला एक लाकडी खांब वापरायचे. दिवस मोठा झाला की तो खांब आणि कार्यशाळेतला लाकूडफाटा सुतारांच्या संताच्या, म्हणजे जोसेफच्या, सणाच्या आदल्या रात्री रस्त्यात जाळायचे. पुढे कुणी तरी त्या खांबाला जुने कपडे चढवले, शेजाऱ्याचं तोंड काढलं आणि टिंगल सुरू झाली. गोष्ट गोड आहे, सगळीच तशी घडली असेल असं नाही. कागदोपत्री उल्लेख अठराव्या शतकातले सापडतात.

पण तिथं चार दिवस राहिलं की होळीपेक्षा गणेशोत्सव जास्त आठवतो. मंडळ, वर्गणी, देखावा, शेजारच्या मंडळाशी चढाओढ, रात्रीचा मांडव, बक्षिसासाठी जीव टाकणं आणि शेवटी निरोप. आपण पाण्यात सोडतो, ते अग्नीला देतात. पुण्या-मुंबईत मंडळाचं काम केलेल्या माणसाला फायास समजावून सांगावा लागत नाही.

४. किती दिवस ठेवावेत? फक्त १९ तारखेला जाऊन जाळणं पाहिलं तर चालणार नाही का?

चालेल, पण मग जाऊच नका असं मी म्हणेन. मी एवढ्या ठामपणे सांगतो अशी या पानावरची ही एकच गोष्ट.

१९ च्या रात्री प्रथमच पाहिलेला देखावा तुमच्यासमोर पेटला तर ती नुसती मोठी आग असते. तोच देखावा १५ च्या रात्री अर्धवट उभा असताना तुम्ही पाहिला, क्रेननं त्याचं डोकं चढवताना खालच्या बायाबापड्यांचे श्वास अडकलेले पाहिले, मग रोज सकाळी कॉफी प्यायला जाताना त्याला वळसा घातला, तर पाचव्या दिवशी तो पेटतो तेव्हा पोटात काही तरी हलतं. म्हणून १५ ला दुपारपर्यंत पोहोचा आणि २० ला निघा. पाच रात्री. तेवढी रजा नसेल तर १७ ला पोहोचा. त्याहून कमी नको.

१५ च्या रात्रीला 'प्लान्ता' म्हणतात, म्हणजे उभारणी. १६ ला सकाळी परीक्षक फिरतात, त्यामुळे कलाकार पहाटेपर्यंत शिडीवर रंगाचा डबा घेऊन असतात. काही मंडळं अजूनही जुन्या रीतीनं, क्रेन न लावता, दोर आणि टेकू वापरून सगळ्या गल्लीच्या ताकदीवर देखाव्याचा काही भाग उभा करतात. हे पाहायला मिळालं तर जेवण सोडून पाहा.

५. मास्क्लेता म्हणजे काय? दिवसाउजेडी फटाके उडवून काय दिसतं?

काही दिसत नाही. धूर दिसतो. मास्क्लेता ऐकायचा असतो, खरं तर छातीवर झेलायचा असतो.

१ ते १९ मार्च रोज दुपारी दोन वाजता नगरपालिकेसमोरच्या चौकात तो होतो. कुंपणाच्या आत दोरांवर सुतळी बॉम्बसारखे फटाके ओळीनं टांगलेले असतात, त्यांना मास्क्ले म्हणतात. पालिकेच्या सज्जात त्या वर्षीची 'फायेरा मायोर', म्हणजे उत्सवाची मानाची तरुणी, येते आणि वालेन्सियनमध्ये ओरडून सांगते: दारूकामवाले महाशय, आता मास्क्लेता सुरू करू शकता. मग पाच-सात मिनिटांत शंभर किलोंहून जास्त दारू उडते.

नुसता धडामधुडूम मात्र नसतो. त्यात चाल असते. सुरुवातीला सुटे आवाज, मग ठेका, मग एका बाजूनं दुसऱ्या बाजूला धावत जाणारा कडकडाट, वरून आकाशातले बार, आणि शेवटी जमिनीवरचं सगळं एकदम पेटतं, त्याला 'तेर्रेमोतो' म्हणजे भूकंप म्हणतात. ढोल-ताशाच्या पथकात ताशानं तर्री धरल्यावर ढोल कसे एकदम पडतात, ते ज्यांनी जवळून ऐकलंय त्यांना हा प्रकार पहिल्या फटक्यात कळतो. रोज वेगळा दारूकाम करणारा कारागीर येतो, आणि संपल्यावर आजोबा लोक त्यावर क्रिकेटसारखी चर्चा करतात. कालचा ठेका बरा होता, आजचा शेवट घाईत झाला, वगैरे.

जागेसाठी एक वाजता पोहोचा. शेवटच्या पाच दिवसांत बारापासूनच पाय ठेवायला जागा नसते. तिथले लोक तोंड किंचित उघडं ठेवायला सांगतात, म्हणजे कानाच्या पडद्यावर दाब कमी येतो. आवाज १२० डेसिबलच्या घरात जातो. म्हणून लहान मुलं, गरोदर बायका आणि कानाचं दुखणं असणाऱ्यांनी चौकात जाऊ नये. त्यांच्यासाठी प्रश्न १० पाहा.

६. एवढा पैसा ओतून जाळतात कशाला? देतं कोण?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. बराचसा पैसा लोकच देतात. मंडळाचे सभासद दर महिन्याला ठरलेली वर्गणी भरतात, लहान मुलांचीसुद्धा वेगळी असते. शिवाय नाताळच्या सरकारी सोडतीची तिकिटं मंडळं थोडी चढ्या भावानं विकतात आणि वरचे पैसे तिजोरीत जातात. पावती पुस्तक घेऊन दारोदार फिरलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. त्यात दुकानदारांच्या जाहिराती आणि पालिकेचं अनुदान मिळतं. प्रत्येक मंडळाचं स्वतःचं घर असतं, त्याला 'कसाल' म्हणतात. तिथं वर्षभर जेवणावळी, पत्ते, नाटकाच्या तालमी आणि भांडणं चालतात.

देखावे खर्चानुसार गटांत विभागलेले असतात. सगळ्यात वरच्या विशेष गटातल्यांवर लाखाच्या पुढे युरो खर्च होतात. बांधकामाच्या तेजीच्या काळात, २००० च्या दशकाच्या अखेरीस, नोउ काम्पानार या मंडळाचा देखावा नऊ लाख युरोंच्या घरात गेला होता. मंदी आली आणि ती चढाओढ ओसरली. पालिकेसमोरचा देखावा पालिकेचा असतो आणि तो स्पर्धेत नसतो.

आता कशाला जाळतात. मी एका मंडळातल्या बाईंना हे विचारलं तर त्यांनी मलाच उलटं विचारलं: जाळला नाही तर पुढच्या वर्षीचा ठेवणार कुठे? याहून चांगलं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

७. सातशे देखावे आहेत, मग पाहायचे कुठले?

सातशे पाहायला कुणी जात नाही. विशेष गटातले आठ-दहा आणि बाकी वाटेत भेटतील ते. एल कार्मेन या जुन्या वस्तीतलं 'ना जोर्दाना' हे मंडळ, पिलार, कोन्वेन्तो हेरुसालेन, लांतिगा दे काम्पानार ही नावं दरवर्षी चर्चेत असतात. रुसाफा वस्तीत कुबा आणि सुएका या दोन रस्त्यांवरची मंडळं दिव्यांच्या रोषणाईसाठी प्रसिद्ध आहेत. तिथं संध्याकाळी जा, पण मुलाचा हात सोडू नका.

मोठा देखावा लांबून पाहिला की नुसता थाट दिसतो. गंमत जवळ गेल्यावर, खालच्या छोट्या बाहुल्यांत आणि त्यांच्याशेजारच्या पाट्यांत असते. पाट्यांवर वालेन्सियनमध्ये टोमणे असतात, बऱ्याचदा पद्यात. फोनच्या कॅमेऱ्यानं भाषांतर करून पाहा. यमक मरतं, पण टोमणा पोहोचतो. काही मोठी मंडळं कठड्याच्या आत जाऊन पाहायला थोडे पैसे घेतात. मला ते रास्त वाटलं.

मुलांचे देखावे मात्र घाईत ओलांडू नका. उंचीला माणसापेक्षा थोडे मोठे, पण काम इतकं बारीक की तिथंच अर्धा तास जातो.

८. फुलांची देवी म्हणजे काय? आम्हाला मिरवणुकीत सामील होता येईल का?

१७ आणि १८ मार्चला सगळी मंडळं आपापल्या बँडसह चालत कॅथीड्रलमागच्या चौकात येतात आणि शहराच्या कुलमाउलीला, निराधारांच्या मेरीमातेला, फुलांचे गुच्छ वाहतात. चौकात लाकडी सांगाड्याची सुमारे पंधरा मीटर उंच मूर्ती असते. तिला फक्त चेहरा आणि हात. गुच्छ वर फेकले जातात, सांगाड्यावर चढलेले लोक ते झेलून ठरलेल्या नक्षीत खोचत जातात आणि दोन दिवसांत फुलांचा झगा तयार होतो. दुपारी सुरू झालेली रांग मध्यरात्र उलटली तरी संपत नाही. चौकात शिरताना धट्टीकट्टी माणसं ढसाढसा रडतात. पंढरीला कळसदर्शन झाल्यावर वारकऱ्यांचं होतं तसं काहीसं.

चालण्याचा मान मंडळाच्या सभासदांचा, तोही पारंपरिक वेशात. तुम्ही पाहू शकता. २० तारखेनंतरही झगा काही दिवस तसाच असतो, म्हणून गर्दी नको असेल तर शांतपणे नंतर जा.

९. १९ च्या रात्री नेमकं कुठे उभं राहायचं?

त्या रात्रीला 'क्रेमा' म्हणतात. सध्याचा साधारण क्रम असा: रात्री आठला मुलांचे देखावे, दहाला मोठे, साडेदहाला विशेष गटातला पहिल्या क्रमांकाचा, अकराला पालिकेचा. पूर्वी मोठे मध्यरात्री पेटायचे, म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नका. त्याआधी संध्याकाळी अग्नीची मिरवणूक निघते. हाताशी वेळ असेल तर पाहा.

बहुतेक पर्यटक पालिकेच्या चौकात तीन-चार तास अडकून उभे राहतात, आणि त्यांना पुढच्या माणसाच्या खांद्यावरचं पोर दिसतं. माझा सल्ला, आपल्या मुक्कामाजवळच्या गल्लीतलं मध्यम मंडळ निवडा. पाच दिवस त्याच गल्लीत राहिला असाल तर लोक एव्हाना तुम्हाला तोंडओळखीनं नमस्कार करत असतात. आठला तिथला मुलांचा देखावा पेटताना पाहा. पेटवण्याचा मान मंडळाच्या लहान मानकरी मुलीचा, आणि ती बहुतेक वेळा हमसून रडते. आई-बाप समजूत घालतात, बँड वाजत राहतो.

मोठ्या देखाव्याची तयारी पाहण्यासारखी असते. बुडाशी भोकं पाडतात, आत इंधन ओततात, भोवती फटाक्यांची माळ गुंडाळतात. माळ पेटते, आकाशात थोडी आतषबाजी होते आणि मग आग आत शिरते. दोन मिनिटं काही होत नाही असं वाटतं. मग पोटातून ज्वाळा बाहेर येते आणि ऊब एकदम चेहऱ्यावर आदळते, माणसं आपोआप चार पावलं मागे सरकतात. अग्निशमन दलाचे जवान आग विझवत नाहीत, आजूबाजूच्या इमारतींवर पाण्याचा मारा करत राहतात. तरुण पोरं त्यांना चिडवून आमच्यावर पाणी मारा म्हणून ओरडतात, आणि जवानही कधी कधी ऐकतात.

दल पोहोचल्याशिवाय पेटवायची परवानगी नसते. त्यामुळे दहाचे साडेदहा, अकरा होतात. अरुंद गल्लीत पहिल्या ओळीत उभं राहू नका. जवळचा आडवा रस्ता हेरून ठेवा. सुती कपडे घाला, ठिणग्या उडतात आणि सिंथेटिक जाकीट वितळतं. माझं वितळलं.

१०. लहान मुलं किंवा वयस्कर आई-बाबा बरोबर आहेत. नेऊ का? दम्याचं काय?

मुलांना न्या, कानावर घालायचे आवाजरोधक घेऊन. त्यांना रात्रीच्या मोठ्या आगीपेक्षा आठ वाजताची छोटी आग पुरते. तिथली मुलं दिवसभर फटाके फोडत असतात आणि सकाळी आठच्या सुमाराला मंडळं बँड आणि सुतळी बॉम्बसारखे बार उडवत गल्ली जागी करतात, तेव्हा दुपारच्या झोपेची आशा सोडा.

आई-बाबांसाठी खरी अडचण चालण्याची आहे. मध्यवर्ती रस्ते वाहनांना बंद असतात, टॅक्सी दारात येत नाही आणि रोज दहा-बारा किलोमीटर सहज चालणं होतं. मेट्रो त्या दिवसांत रात्रभर धावते ही जमेची बाजू. मास्क्लेता त्यांना चौकापासून दोन-तीन रस्ते लांबून ऐकवा, तिथंही काचा थरथरतात.

दमा असेल तर क्रेमाची रात्र टाळा. थर्माकोलचा काळा धूर अरुंद रस्त्यांत साचतो. १५ ते १८ चा बाकीचा उत्सव पाहायला हरकत नाही, पण इनहेलर खिशात हवा आणि डॉक्टरांशी आधी बोलून घ्या.

११. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही राहणार. रस्त्यावर लाल भोपळ्याचे 'बुन्युएलो' तळत असतात. घारगे आणि जिलबी यांच्या मधलं काही तरी, वरून साखर, बरोबर घट्ट चॉकलेट. सहसा त्यात अंडं नसतं, तरी विचारून घ्या. 'ओर्चाता' हे चुफा नावाच्या छोट्या कंदापासून केलेलं दुधासारखं थंड पेय, त्यात दूधही नसतं. ते शेजारच्या आल्बोराया गावाचं खास. उपासाला चालेल का, असं एका काकूंनी विचारलं होतं. कंद आहे, पाणी आहे, साखर आहे. पुढचं घरच्या मोठ्यांनी ठरवावं.

पाएया हा भात व्हॅलेन्सियाचाच, पण अस्सल पाएयात कोंबडी आणि ससा असतो. भाज्यांचा पाएया मिळतो. मात्र तो शिजवताना मांसाचं पाणी घातलंय का हे वेगळं विचारावं लागतं, कारण तिथल्या आचाऱ्याला 'मांस नाही' म्हणजे 'तुकडे नाहीत' एवढंच वाटू शकतं. बटाट्याच्या तोर्तियात अंडं असतं. थेपले-चिवडा बॅगेत असू द्या, १९ ला रात्री कुठेच जागा मिळत नाही.

१२. व्हिसा, विमान, राहणं: किती आधी ठरवायचं?

शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण अपॉइंटमेंटच उशिरा मिळते, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हालचाल सुरू करा. किमान ३०,००० युरोंचं प्रवास विमा संरक्षण बंधनकारक आहे.

माद्रिदला उतरून वेगवान रेल्वेनं व्हॅलेन्सियाला यायला दोन तासांच्या आत लागतात, बार्सिलोनाहून साधारण तीन. राहायला जुन्या शहरात हॉटेल सहा महिने आधी भरतं. मला विचाराल तर थोडं बाहेर, मेट्रोजवळ, एखाद्या साध्या वस्तीत घर घ्या. तिथंही मंडळ असतंच, आणि प्रश्न ९ मधला बेत तिथंच जमतो. फक्त खोलीच्या खिडकीखाली मंडळाचा मांडव आहे का, ते आधी विचारा. तो पहाटेपर्यंत वाजतो.

१३. देखाव्यांत नेत्यांची टिंगल खरंच इतकी उघड असते का? कुणाच्या भावना दुखावत नाहीत?

उघड म्हणजे फारच उघड. स्पेनचे पंतप्रधान, शहराचे महापौर, ट्रम्प, पुतिन, बँकवाले, झोपाळू नोकरशहा. काही बाहुले नग्न असतात आणि काही विनोद तर कुटुंबासमोर भाषांतर करण्यासारखे नसतात. फ्रँकोच्या हुकूमशाहीत आराखडे आधी सेन्सॉरकडून संमत करून घ्यावे लागत, तेव्हा टोमणे आडून मारले जायचे. आता वाद होतात, वर्तमानपत्रांत पत्रं येतात, कधी एखादी बाहुली काढावीही लागते. पण ज्याची टिंगल झाली त्यानं येऊन बाहुल्यासोबत फोटो काढावा, असा तिथला शहाणपणा आहे.

१४. सगळंच जाळतात की काही वाचतं?

एक मोठा निनोत आणि मुलांच्या देखाव्यातला एक. फेब्रुवारीत सगळ्या मंडळांचा एकेक निनोत प्रदर्शनात मांडतात, लोक मतं देतात आणि जिंकणाऱ्याला 'माफी' मिळते. ही प्रथा १९३४ पासूनची. पहिला वाचलेला निनोत आजी आणि नातीचा होता. मुलांच्या गटात १९६३ पासून माफी देतात. वाचलेले सगळे मोन्तेओलिवेते चौकातल्या फायास संग्रहालयात आहेत. गंमत म्हणजे माफी मिळते ती बहुतेक हळव्या बाहुल्यांना, आजी-आजोबा, मायलेकरं वगैरे. टवाळ बाहुले बिचारे जळतात.

१५. थर्माकोल जाळणं म्हणजे उघड प्रदूषण नाही का? तुम्ही त्याचं कौतुक कसं करता?

प्रदूषण आहेच. पूर्वी देखावे लाकूड, मेण, कापड आणि कागदाच्या लगद्याचे असत. मग थर्माकोल आलं, हलकं, स्वस्त आणि यंत्रानं कोरता येणारं. त्यामुळे देखावे उंच झाले आणि धूर काळा. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आली तेव्हा गणेश मंडळांत जी कुरकुर झाली, तशीच चर्चा तिथं अनेक वर्षं चालू आहे. काही कलाकार लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून पुन्हा जुन्या रीतीनं काम करतात. असा देखावा जळताना आधी कातडी जाते आणि आतला पट्ट्यांचा पिंजरा क्षणभर लाल होऊन उभा राहतो. थर्माकोलचा देखावा मात्र नुसता गळतो. तेव्हा कलेच्या बाजूनंही लाकूडच वरचढ आहे, असं माझं मत. पण लाकूडकामाला वेळ आणि मजुरी जास्त लागते, आणि लहान मंडळाच्या खजिनदाराला हे पटवणं सोपं नाही.

१६. तो पारंपरिक पोशाख भाड्यानं घेऊन फिरलं तर चालेल का?

कुणी अडवणार नाही, पण मी टाळलं. बायकांचा रेशमी झगा, डोक्यावर तीन अंबाडे आणि त्यांत खोचलेल्या धातूच्या नक्षीदार फण्या हा नुसता नटण्याचा प्रकार नाही, मंडळाच्या सभासदत्वाची ती खूण आहे. हातमागावर विणलेल्या 'एस्पोलिन' कापडाचा पोशाख हजारो युरोंना जातो आणि आईकडून मुलीकडे येतो. आपल्या पैठणीसारखंच, वीणकाम रोज काही बोटं पुढे सरकतं. रेशमाची ओढ असेल तर शहरातली जुनी रेशीमपेठ, 'योत्जा', जरूर पाहा. तीही १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. आपली एखादी चांगली साडी नेसून फिरा, बायका थांबवून पोत चाचपून पाहतात.

१७. पाऊस आला किंवा रद्दच झाला तर?

साध्या पावसानं क्रेमा थांबत नाही. जोराचा वारा ही खरी धास्ती. मास्क्लेता पुढे ढकलला जाऊ शकतो आणि देखावे पेटवायलाही उशीर होतो. संपूर्ण उत्सव फार क्वचित बुडालाय. स्पेनच्या यादवी युद्धात तो झाला नाही, आणि मग थेट १० मार्च २०२० ला कोरोनामुळे तहकूब झाला, देखावे जवळजवळ तयार असताना. पुढे २०२१ मध्ये तो सप्टेंबरच्या १ ते ५ तारखांना उरकला. २९ ऑक्टोबर २०२४ च्या महापुरात व्हॅलेन्सिया परिसरात दोनशेहून अधिक माणसं गेली, आसपासच्या गावांतल्या मंडळांची घरंही चिखलात गेली. तरी २०२५ चा फायास झाला. विम्यात प्रवास रद्द झाल्याचं कलम आहे का, एवढं पाहून ठेवा.

१८. मार्चमध्ये रजा मिळत नाही. तोमातीनाच्या वेळी गेलो तर दोन्ही होईल का?

हिंदी सिनेमामुळे टोमॅटोची मारामारी सगळ्यांना माहीत आहे आणि ती व्हॅलेन्सियापासून चाळीसेक किलोमीटरवरच्या बुन्योलला होते, म्हणून हा घोळ होतो. ती ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी, एका तासाची, आणि २०१३ पासून तिकीट लावून. तेव्हा फायासचं काहीच रस्त्यावर नसतं.

मार्च नको असेल तर त्याच किनाऱ्यावर आलिकान्तेला जून महिन्यात संत जॉनच्या सणाला असेच देखावे उभारतात आणि २४ जूनच्या रात्री जाळतात. उन्हाळा, समुद्र आणि आग असं एकत्र. आणि कुठेच जमणार नसेल तर १ ते १९ मार्च आपल्याकडच्या संध्याकाळी साडेसहाला मास्क्लेता असतो. 'आ पुंत' ही तिथली प्रादेशिक वाहिनी तो थेट दाखवते. हेडफोन लावू नका, स्पीकर जमिनीवर ठेवा.

१९. २० तारखेला सकाळी तिथं पाहण्यासारखं काही उरतं का?

जवळजवळ नाही, आणि तेच पाहण्यासारखं आहे. सफाई कामगार रात्रभर काम करतात. सकाळी नवाच्या आत रस्ते धुतलेले, दुकानं उघडलेली, बस नेहमीच्या मार्गावर. डांबर वितळू नये म्हणून देखाव्याखाली वाळू अंथरलेली असते, तिचा थोडा थर चौकात राहिलेला दिसतो. मी थांबलो होतो त्या गल्लीत मंडळाचे चार जण कसालच्या दाराशी खुर्च्या मोजत होते. दोन कमी भरत होत्या, आणि शेजारच्या मंडळावर संशय होता.